लुक आफ्टर, नववी ब

मोईज सर माझ्यावर एकदा जरी ओरडले असते, तरी मी हे लिहायला बसलो नसतो. ओरडणं ऐकून घेतलं की माणूस थोडा मोकळा होतो. सरांना ओरडता येत नव्हतं. वर्गात फार गोंधळ झाला की ते शिकवायचं थांबवत, टेबलावरची एखादी फाटकी वही उचलत आणि ती शिवायला बसत. आम्ही गप्प होईपर्यंत शिवत राहत. माझ्या हातून जे घडलं ते कळल्यावरही त्यांनी तेच केलं. म्हणून ते अजून माझ्यापाशी तसंच आहे.

नांदेडला इतवाऱ्यात त्यांच्या वडिलांचं जिल्दसाजीचं दुकान होतं. पोथ्या, कुराण, वकिलांची बाडं, शाळांची हजेरीपुस्तकं, सगळ्यांना तिथे पुठ्ठा आणि कापडी पाठ मिळायची. सर इंग्रजीचे शिक्षक झाले, पण दुकान त्यांच्या खिशात राहिलं. चष्म्याच्या एका जुन्या डबीत दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन ते वर्गात येत. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, विजारीला कडक इस्त्री आणि उजव्या अंगठ्याच्या पेरावर दाभणाचे टोचे. विद्यार्थ्याची वही सुटी झालेली दिसली की ती स्वतःकडे ओढून घेत आणि बोलता बोलता शिवून परत देत. आमच्या वर्गातल्या निम्म्या वह्या त्यांच्या हातच्या होत्या. वही शिवताना त्यांचं शिकवणं अधिक रंगायचं.

इंग्रजीतली ती दोन-दोन शब्दांची क्रियापदं त्यांच्या विशेष प्रेमाची. त्यांना ते जोडपी म्हणत. 'लुक आफ्टर' हे त्यांचं सर्वांत लाडकं जोडपं.

"लुक म्हणजे पाहणे आणि आफ्टर म्हणजे नंतर, असं तोडून मला सांगू नका," ते म्हणत. "या दोघांचा निकाह झालेला आहे. आता नवऱ्याचं वेगळं, बायकोचं वेगळं विचारायचं नसतं. आणि दोघांच्या मध्ये कुणाला बसूही देत नाहीत ते. जे सांगायचं ते पुढं सांगा."

"सर, पण अर्थ?" कुणीतरी विचारायचंच.

"अर्थ गाईडात पडलाय, उचलून घे. मला माणूस सांग. तुझ्या घरी कोण कोणाला लुक आफ्टर करतं?"

मग ते समजावत की आपण मराठीत मूल सांभाळतो, शेत राखतो, वस्तू जपतो, आजाऱ्याचं करतो. एवढी सगळी कामं हे जोडपं एकटं करतं. मात्र त्याची एक अट आहे. कोणाला, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य उभं राहत नाही. पुढे कुणीतरी हवंच.

गृहपाठाला ते 'घरचं वाक्य' म्हणत. एक वाक्य, आपल्या घरातलं, खरं, आणि शिसपेन्सिलीनं लिहिलेलं. पेन चालायचं नाही. कारण विचारलं तर सांगत, "खोडता आलं पाहिजे मियाँ. घरातली माणसं बदलतात."

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी आमच्या वर्गातल्या लक्ष्मणचा कागद उचलला. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की आमची म्हैस माझ्या बापाला लुक आफ्टर करते. सरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"मोईज सर, हे उलटं झालं. म्हैस कशी बापाला सांभाळील?"

"लक्ष्मण, साहेबांना सांग."

लक्ष्मण उभा राहिला. "सर, बाप पिऊन आला की घरात कुणाशी बी भांडतो. मग जाऊन म्हशीपाशी बसतो. ती अंग चाटती त्याचं. मग निजतो. आमी कुणी जवळ जात न्हाई."

साहेबांनी कागद खाली ठेवला. सर हातातली वही शिवत शांतपणे म्हणाले, "त्याचं इंग्रजी जरा लंगडतंय साहेब, मला दिसतं ते. पण घर बघा किती स्वच्छ दिसतंय."

माझा कागद साधा होता. माझी आई मला सांभाळते, असं मी लिहिलं होतं. व्याकरण निर्दोष होतं. सरांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात विचारलं, "ठीक आहे दिगंबर. आणि तू? तू कोणाला?" त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्यांचं ते थांबणं मी पुढे अनेक वर्षं विसरून गेलो होतो.

पुढे संस्थेनं त्यांची बदली लातूर जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावी केली. गावाचं नाव मी लिहीत नाही. सर बिऱ्हाड लातुरात करून रोज एसटीनं जाऊ-येऊ लागले. घरचं वाक्य तिथेही गेलं. त्या वर्षी गणपतीच्या दिवसांत नववी ब चे कागद त्यांनी गोळा केले आणि विसर्जनाची सुट्टी म्हणून तपासायला लातूरला घेऊन आले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत नेऊन ते परत द्यायचे होते. त्या दिवशी उजाडायच्या आत भूकंपानं गाव पडलं.

मी तेव्हा नांदेडला शिकत होतो. भाकरी घेऊन निघालेल्या एका ट्रकमधून पहिल्यांदा तिकडे गेलो. त्या फेरीबद्दल मला लिहिता येत नाही. महिनाभरानं घोंगड्या घेऊन दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये शाळा सुरू झाली होती आणि दाराशी मोईज सर उभे होते. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली आणि आत गेले. हजेरीपुस्तक ढिगाऱ्याखाली गेलं होतं. सरांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि एकेक नाव घेऊ लागले. "येस सर" आलं की तो कागद त्या मुलाच्या हातात द्यायचे. उत्तर आलं नाही की कागद गठ्ठ्याच्या तळाशी सरकवायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. मुलं एकमेकांकडे बघत नव्हती. सगळी नावं झाली, तेव्हा सरांच्या हातात एकोणीस कागद उरले होते. ते त्यांनी सारखे केले, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि म्हणाले, "चला. आज लुक फॉर. हे घरून आणू नका. याचं वाक्य मी देतो." फळ्यावर त्यांनी लिहिलं की मी माझा चष्मा शोधतो आहे. पुढेही, कुठल्याही वर्गात, या जोडप्यासाठी त्यांनी दुसरं वाक्य येऊ दिलं नाही.

ते एकोणीस कागद ते आईबापांना द्यायला शेडाशेडातून फिरले. पण कुणी घेतले नाहीत.

"आमच्यापाशी नगं गुरुजी," शेवंताबाई म्हणाल्या होत्या. त्यांची सुनीता त्या एकोणिसांतली. "पत्र्यातून गळतंय. भिजून जातंय सारं. तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. आन लेकरं वर्गात संगं होती, तर कागदं बी संगंच ऱ्हाऊ द्या की."

सरांनी ते एका कच्च्या टाक्यानं शिवले. वर पुठ्ठा घातला नाही. त्यांच्या मते जिल्द बांधणं म्हणजे काम संपलं असं म्हणणं. वरच्या कागदावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलं: लुक आफ्टर, नववी ब. मग एक प्रघात पडला. त्या गावची माणसं दवाखान्याला, बाजाराला, कोर्टकचेरीला लातूरला आली की सरांच्या घरी जात. सर हात धुऊन गठ्ठा काढत, त्यांच्या लेकराचं पान उघडत, वाक्य इंग्रजीत वाचत आणि मग मराठीत सांगत. माणसं अक्षरांवरून बोट फिरवत, चहा घेत आणि जात. सुनीतानं लिहिलं होतं की मी माझ्या आईला सांभाळते, ती ढगांच्या गडगडाटाला भिते. शेवंताबाई दर वेळी ते ऐकून तोंडाला पदर लावून हसत. "मी भेते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं बगा गुरुजी. पोरीनं विंग्रजीत सांगून टाकलं साऱ्या जगाला."

मी लातुरात आलो तो काळ क्लासेसचा. दहावी-बारावीचे निकाल गाजत होते, गावोगावची मुलं बिछाना-ट्रंक घेऊन उतरत होती, गल्लीगल्लीत पाट्या लागत होत्या. मला नोकरी मिळाली नव्हती. एका खोलीत सुरू केलेली माझी शिकवणी पाच-सहा वर्षांत तीन मजली झाली. आमच्याकडे विज्ञान आणि गणित यांना तास होते, इंग्रजीला वेळापत्रकातल्या फटी होत्या. त्या फटीत शिकवायला कुणी टिकत नव्हतं. सर निवृत्त झाले आहेत हे कळल्यावर मी त्यांना घेऊन आलो. मला वाटलं, मी त्यांच्यावर उपकार करतो आहे. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

माझ्याकडे वाक्यं तयार असत. परीक्षेत अर्थ लिहून वाक्यात उपयोग करा असा प्रश्न आला की आमची सगळी मुलं एकच लिहीत: परिचारिका रुग्णांना लुक आफ्टर करते. त्यात चूक व्हायची शक्यता नव्हती. सरांनी पहिल्याच चाचणीचे पेपर पाहिले आणि माझ्या केबिनमध्ये आले.

"दिगंबर, या साऱ्या पोरांच्या घरी नर्सच आहे का रे?"

"सर, ते सेफ वाक्य आहे."

"एकच नर्स आणि एवढ्या पोरांचे पेशंट. बिचारी मरून जाईल की!"

आम्ही दोघेही हसलो. मी नर्स बदलली नाही. सर मात्र आपल्या तासाला घरचं वाक्य मागत राहिले. सात-आठ वर्षं. वसतिगृहातली, कॉटबेसिसवर राहणारी ती मुलं गोंधळून जात. "सर, इथं तर मी एकटाच हाय, कुणाचं लिहू?" एकदा एका मुलानं विचारलं. सर म्हणाले, "तुझ्या कॉटच्या शेजारी कोण निजतो? त्याचं लिही."

मग पालकांच्या सभेत एक जण म्हणाला की पलीकडच्या क्लासनं इंग्रजीची स्वतंत्र पुस्तिका काढली आहे, तुमची का नाही? मला पुस्तिका हवी झाली आणि त्यात काहीतरी वेगळं, काळजाला हात घालणारं हवं झालं. मला नववी ब आठवली. मी सरांना गठ्ठा मागितला.

ते डबीतला दोरा बोटाला गुंडाळत राहिले. मी म्हणालो, "सर, पेन्सिल पुसट होत चाललीय. मी झेरॉक्स काढून ठेवतो. दोन प्रती असलेल्या बऱ्या." हे ऐकून त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी ते गठ्ठा स्वच्छ रुमालात बांधून घेऊन आले. "हात कोरडे ठेव," एवढंच म्हणाले.

मी एकोणीस कागद वाचले आणि पुस्तिकेसाठी तीन वाक्यं निवडली: सुनीताचं, महादेव नावाच्या मुलाचं आणि रझियाचं. ती मी दुरुस्त केली. परीक्षकाला खटकू नयेत म्हणून त्यांतला मजकूरही सरळ केला. सुनीताच्या वाक्यातला गडगडाट मला विचित्र वाटला. मी लिहिलं की आई आजारी असते तेव्हा मी तिला सांभाळते. पुस्तिका छापायला गेली. झेरॉक्सवाल्यानं पुसट पेन्सिल पाहून नकारार्थी मान हलवली, तेव्हा 'नंतर बघू' म्हणून गठ्ठा परत आणला आणि माझ्या हातानं कपाटातल्या ज्या फळीवर ठेवला, तिच्यावर 'झाले' अशी चिठ्ठी होती. माझं काम झालं होतं.

त्या फळीबद्दल सांगायला हवं. आमच्या चाचण्यांचे पेपर दुसऱ्या क्लासच्या हाती लागू नयेत, ही त्या काळी लातुरात सगळ्यांचीच भीती होती. म्हणून दर मे महिन्यात 'झाले' फळीवरचा प्रत्येक हस्तलिखित कागद यंत्रावर बारीक कापून मगच रद्दीत द्यायचा, असा नियम मी केला होता. नवीन बॅच येण्याआधी कपाट रिकामं झालं पाहिजे. ऑफिसातल्या माणसानं नियम पाळला. वर 'नववी ब' लिहिलेला, पेन्सिलीचा, पुठ्ठा नसलेला गठ्ठा. दुसरं कुणी काय समजलं असतं?

मला ते जूनमध्ये कळलं. मी सरांना सांगितलं नाही.

पुस्तिका त्यांना दिली तेव्हा त्यांनी ती तीन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचली. "छान छापलंय," म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "चुका कामून काढल्यास पण?" मग गठ्ठ्याबद्दल विचारलं. मी म्हणालो, "बायंडिंगला दिलाय, सर." शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी हे कुणाला सांगितलं.

"कोणत्या जिल्दसाजाकडे?" त्यांनी उत्सुकतेनं विचारलं. "नांदेडचे तर सगळे माझ्या ओळखीचे."

"हैदराबादला दिलाय."

"हैदराबादला? अच्छा." आणि जरा थांबून, "जिल्द नको होती रे. पण ठीक आहे. दिलास तर दिलास."

दर शुक्रवारी, नमाजाहून आल्यावर, ते केबिनच्या दाराशी उभे राहत. आत येत नसत. "आलं का?" मी नाही म्हणायचो. "असू दे, चांगल्या कामाला वेळ लागतो," असं म्हणून ते तासाला जात. असे किती शुक्रवार गेले हे मी मोजलं नाही. मोजलं असतं तर लवकर सांगितलं असतं, असं कधी कधी स्वतःला समजावतो.

पावसाळा संपता संपता शेवंताबाई लातूरला आल्या. गठ्ठा क्लासमध्ये आहे असं सरांनी सांगितल्यामुळे दोघंही माझ्याकडे आली. गावची येणारी माणसं आता कमी झाली होती. कुणी वारली होती, कुणी पुण्याकडे गेली होती. शेवंताबाई मात्र येत. त्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"तेवढं पोरीचं दावा की गुरुजी," त्या मला म्हणाल्या. मी कुणीतरी मोठा गुरुजी असेन असा त्यांचा समज होता.

"बायंडिंगला दिलंय, बाई. दिवाळीनंतर या."

"दिवाळीनंतर येऊ म्हनता? बरं. येते."

सर माझ्याकडे बघत होते. ते जिना उतरून शेवंताबाईंना एसटी स्टँडवर सोडून आले, तोवर मी केबिनचं दार लावून बसलो होतो. त्यांनी दार वाजवलं आणि पहिल्यांदाच विचारल्याशिवाय आत येऊन बसले. मी सगळं सांगितलं. फळी, चिठ्ठी, नियम, यंत्र.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. "उभे कापले का आडवे?"

मला प्रश्न कळला नाही.

"उभ्या पट्ट्या असतील तर जोडता येतात. मागून पातळ कागद लावायचा. अब्बा जळक्या बाडांचं करायचे तसं."

"बारीक कापलेत, सर. चुरा."

तरी आम्ही रद्दीवाल्याकडे गेलो. त्यानं आठवून सांगितलं की त्या उन्हाळ्याचा माल कधीच कारखान्यात गेला. सर त्याला म्हणाले, "शुक्रिया. तुमची काही चूक नाही." रिक्षात बसल्यावर त्यांनी खिशातून डबी काढली. शिवायला काही नव्हतं. माझ्या हातातली डायरी त्यांनी मागून घेतली, तिची पाठ तपासली आणि सुटलेले दोन टाके घालून दिले. क्लासच्या दाराशी ते उतरले नाहीत. तशीच रिक्षा पुढे घेऊन गेले. त्या महिन्यातच त्यांनी लातूर सोडलं आणि नांदेडला इतवाऱ्यातल्या घरी लेकीकडे, नसीमकडे, राहायला गेले.

दिवाळी झाली. शेवंताबाई आल्या. मी त्यांना माझ्या गाडीत बसवून नांदेडला निघालो. वाटेत लोहा गाव येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी म्हणालो, "बाई, ते कागद आता नाहीत. माझ्यामुळे गेले."

त्या खिडकीतून बाहेर पाहत होत्या. "मला त्या दिशीच कळलं हुतं. बायंडिंगला दिलंय म्हनताना तुमी माज्याकडं बगतच नव्हते."

"मग आज कशाला आलात?"

"गुरुजीला बगायला. त्यांचं बी कोन हाय आता?" आणि थोड्या वेळानं, "गाडी जरा हळू घ्या. मला गाडीची सवय न्हाई."

सर ओसरीवर बसले होते. समोर पाटावर एकोणीस नवे कागद होते. ते आठवून आठवून लिहीत होते. प्रत्येक मुलाचं वेगळं अक्षर जमेल तसं, त्यांच्या चुकांसकट. कुणाचा आडवा कलंडणारा हात, कुणाचं नको तिथं मोठं अक्षर. सोळा वाक्यं लिहून झाली होती.

"तीन अडलीत," ते मला म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "तुझ्या पुस्तिकेतली तीन. आठवायला गेलो की तुझं छापलेलं पुढे येतं. ते हटतच नाही तिथून. तू वाचली होतीस ना मूळची? तुला आठवतात?"

मला आठवत नव्हती. मी दुरुस्त केली होती, आणि दुरुस्त केल्यावर मूळचं विसरलो होतो.

सरांनी शेवंताबाईंना बसायला चटई दिली. कोरा कागद समोर घेतला, वर सुनीताचं नाव घातलं आणि संकोचून वाचावं तसं म्हणाले, "आई आजारी असते तेव्हा मी तिला..."

"आजारी न्हाई गुरुजी." शेवंताबाई मध्येच बोलल्या. "ढगाचा गडगडाट. मी ढगाला भेते. आजारी कवा पडले मी?"

सर थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले. "हौ," ते पुटपुटले, "हौ, गडगडाट! थंडर लिहिताना तिनं मधलं एक अक्षर गाळलं होतं." पेन्सिल कागदावरून चालू लागली. लिहून झाल्यावर त्यांनी कागद शेवंताबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बोट फिरवलं. अक्षरं सुनीताची नव्हती, आणि हे त्यांच्या बोटाला कळलं असणार. त्या हसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "लई तरास घेतलाव गुरुजी."

महादेवच्या घरचं कुणी त्या पहाटेनंतर उरलं नव्हतं. रझियाच्या घरचे कुठे गेले ते गावातही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना विचारायला जाण्यासारखं कुणी नव्हतं.

"महादेवच्यात तू बैल टाकलेस," सर म्हणाले. "बैल नव्हते. काहीतरी दुसरंच होतं. ते वाचून मी हसलो होतो, एवढं आठवतं. बायकोला हाक मारून सांगितलं होतं."

त्यांनी ते दोन कागद नुसत्या नावांसह हजेरीच्या क्रमात घातले. गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या आणि दाभणानं भोकं पाडली. उजेडाकडे धरून ते सुईत दोरा ओवू लागले, पण नेढं चटकन सापडेना. मी पुढे झालो. त्यांनी दोऱ्याचं टोक माझ्याकडे दिलं. "ताणून धर. सोडू नको." मी धरलं. टाके घालून होईपर्यंत सोडलं नाही. पुठ्ठा त्यांनी याही वेळी घातला नाही. शेवटी पेन्सिल त्या टाक्यातच खोचून ठेवली.

"ही कशाला, सर?"

"आठवलं म्हणजे? शोधत कुठं बसू?"

मी उठलो तेव्हा ते ओसरीच्या कडेला गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते आणि महादेवचा कोरा कागद उघडून त्याच्याकडे बघत होते. ओठ हलत होते. मी खुदा हाफिज म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही. पुढे मी ईदला जात राहिलो, पण त्यांची आठवण निघाली की मला दिसतात ते तसेच.

गेल्या वर्षी सर गेले. कळताच मी नांदेडला गेलो. नसीमनं चहा दिला आणि मी न मागता गठ्ठा आणून दाखवला. माझ्या हातात दिला नाही. स्वतःच्या हातात धरून तिनं एकेक पान उलटलं. ते बरोबरच होतं. शेवंताबाई आता तिच्याकडे येतात, असं ती म्हणाली.

टाक्यातली पेन्सिल तासून तासून पेराएवढी उरली होती. "ही कितवी, मला माहीत नाही," नसीम म्हणाली. रझियाचा कागद कोरा होता, पण उजेडात धरल्यावर जागोजागी लिहून खोडल्याचे व्रण दिसत होते. महादेवचाही कोराच होता. खोडून खोडून त्याला मधोमध भोक पडलं होतं.